आधी पान हलकं, मग जाहिरात

हिंगोली

प्रिय दोस्ता,

तुझा फोन आला आणि लगेच वसमतला जाऊन आलो. काकू ठणठणीत आहेत. गुडघे थोडे कुरकुरतात, पण त्याहून मोठी कुरकुर थोरला पोरगा फोन करत नाही याची आहे. तेव्हा हे वाचून झालं की आधी तिकडं फोन लाव.

आता तुझ्या धाकट्या भावाच्या धंद्याचं. घरच्या हळदीची पावडर करून वेबसाइटवर विकायची, हा विचार मला एकदम पटला. माल अस्सल सेलम आहे. शिजवणं, वाळवणं, पॉलिश सगळं डोळ्यांसमोर होतं, आणि वसमत हळदीला 2024 मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालंय. सांगलीला ते 2018 मध्येच मिळालं होतं, आपण थोडे उशिरा, पण रांगेत आलो. तू म्हणालास, ‘जाहिरातीला पैसे पाठवतो, होऊ दे खर्च.’ लेका, जरा थांब. का ते सांगतो.

काकूंच्या ओसरीवर बसून मी ती वेबसाइट माझ्या साध्या फोनवर उघडली. वर पिवळी पट्टी आली, मग नुसतंच चक्र फिरत राहिलं. मग फोटो वरून खाली पट्टीपट्टीनं उतरायला लागला, आधी अर्धं हळकुंड, मग राहिलेलं. ‘खरेदी करा’ दिसलं म्हणून बोट टेकवायला गेलो, तेवढ्यात वरचा फोटो पूर्ण उघडला, बटण खाली सरकलं आणि बोट भलतीकडंच पडलं. मी घरचा माणूस म्हणून थांबलो. नागपूरची कोण बाई कशाला थांबेल? तिच्या फोनमध्ये दुसरे दहा हळदवाले आहेत.

धाकटा म्हणाला, ‘करून देणाऱ्यानं त्याच्या ऑफिसात दाखवली तेव्हा तर झटक्यात उघडली होती.’ उघडणारच! तिथं वायफाय, मोठा कॉम्प्युटर. गिऱ्हाईक मात्र एसटीत बसून, सिग्नलचा एक दांडा असताना व्हॉट्सॲपवर आलेली लिंक दाबतं. वेग त्याच्या फोनवर मोजायचा.

खरी अडचण फोटोंची आहे, आणि फोटो काढून टाकता येत नाहीत. हिंगोलीच्या यार्डात व्यापारी काय करतो, तू पाहिलंयस. ढिगातून हळकुंड उचलतो, कटकन मोडतो, आतला रंग बघतो आणि मगच बोली बोलतो. वेबसाइटवर मोडून बघायची सोय नाही, म्हणून ते काम फोटोनं करायचं असतं. मोडलेल्या कांडीचा फोटो हवाच. फक्त तो फोनमधून निघाला तसाच्या तसा चढवायचा नाही.

हिशेब बघ. पानावर आठ फोटो, एकेक चार एमबीचा धरला तर झाले 32 एमबी. वेग मोजतात बिटमध्ये आणि एका बाइटचे आठ बिट, म्हणजे 256 मेगाबिट. सिग्नल पडलेला असताना सेकंदाला चार मेगाबिट मिळाले तरी 64 सेकंद गेले. हेच फोटो मोबाइलच्या पडद्याला पुरतील एवढ्या रुंदीचे करून ‘वेबपी’ प्रकारात ठेवले, तर एकेक साधारण शंभर केबीत बसतो. आठही दोन सेकंदांच्या आत येतात. शिवाय खालचे फोटो माणूस खाली सरकेल तेव्हाच मागवायचे, अशीही सोय असते. प्रत्येक फोटोची जागा आधीच राखून ठेवली की बटणाची ती पळापळही थांबते. यातल्या कशालाच पैसे पडत नाहीत.

दुसरी गोष्ट मराठीची. सुंदर दिसावं म्हणून वेबसाइट करून देणाऱ्यानं तीन-चार देवनागरी फाँट घातलेत. आपल्या जोडाक्षरांमुळं देवनागरी फाँट इंग्रजीपेक्षा जड असतो. एक ठेवावा, नाहीतर फोनमध्ये मुळात असतो तो वापरावा. हळद घेणाऱ्याला अक्षर वाचता आलं की झालं.

तिसरी गोष्ट तुझ्या अमेरिकेची. स्वस्त पडतं म्हणून वेबसाइट अमेरिकेतल्या सर्व्हरवर ठेवली आहे. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला दोन लाख किलोमीटर जातो. आपल्यापासून तिकडं सरळ रेषेत धरलं तरी तेराएक हजार किलोमीटर. म्हणजे नुसत्या एका जाण्यायेण्यात सेकंदाचा आठवा भाग गेला, आणि पहिलं अक्षर दिसायच्या आधी अशा तीन-चार फेऱ्या होतात. वसमतची हळद नांदेडच्या माणसानं बघायची आणि पान अमेरिकेतून यायचं! मुंबईत सर्व्हर मिळतात. आणि सीडीएन घेतलं तर पानाची एकेक प्रत जागोजागी ठेवली जाते, मग नांदेडवाल्याला जवळून मिळते आणि न्यू जर्सीत तुलाही.

हे मी मनाचं सांगत नाही. गूगलनं 2016 मध्येच सांगितलं होतं की मोबाइलवर पान उघडायला तीन सेकंदांहून जास्त लागले तर निम्म्याहून जास्त, 53 टक्के लोक निघून जातात. जुलै 2018 पासून मोबाइलवरच्या शोधात पानाचा वेगही ते धरतात. आपल्याकडच्या रेडबसनं बोट टेकल्यावर पान किती चटकन हलतं यावर काम केलं, तर त्यांची विक्री सात टक्क्यांनी वाढली. तिकिटं तीच, गाड्या त्याच.

आता तुझ्या जाहिरातीकडं ये. जाहिरातीत प्रत्येक क्लिकचे पैसे जातात. पान उघडो न उघडो, ते गेलेच. म्हणजे रखडणाऱ्या पानावर तू जितके जास्त पैसे ओतशील, तितकी जास्त माणसं दारातून परत जाणार. मोठ्या कंपनीला हे परवडतं, तिचं नाव माहीत असतं म्हणून लोक थांबतात. आपल्या धाकट्याला कोण ओळखतं? पैसे देताना तर आणखीच जपायला पाहिजे. यूपीआयचं पान अडकलं की माणूस घाबरतो, पैसे कापले गेले की काय म्हणून. एकदा घाबरलेलं गिऱ्हाईक पुन्हा येत नाही.

एक मात्र खरं, नुसत्या वेगानं हळद खपत नाही. पुडी फुटली, पार्सल उशिरा गेलं, रंग फोटोतल्यासारखा निघाला नाही, तर पान कितीही पळालं तरी काय उपयोग? पण तिथवर जाण्यासाठी आधी गिऱ्हाइकानं माल बघायला तर पाहिजे. जाहिरातीत आपण मोठ्यांना पुरे पडणार नाही. पान हलकं ठेवणं मात्र आपल्या हातात आहे, आणि तिथं आपण त्यांच्या बरोबरीनं उभे राहू शकतो.

तर एक काम कर. या आठवड्यात धाकटा फोटो बारीक करतोय, मी त्याच्या मागं लागलोय. तो झालं म्हणाला की घरचं वायफाय बंद करून, वहिनींच्या जुन्या फोनवर वेबसाइट उघड आणि पैसे द्यायच्या पानापर्यंत जा. कुठं अडकलं ते मला नाही, त्याला कळव. थोरल्यानं सांगितलेलं तो जास्त ऐकतो. अडकलं नाही तर खुशाल पैसे पाठव.

तुझा,
हिंगोलीवाला दोस्त