सात बुके आणि एक चिठ्ठी

परवा ऑफिसात माझा निरोपसमारंभ झाला. भाषणं झाली, समोसे झाले, शाल-श्रीफळ झालं आणि रात्री साडेआठला मी सात बुके घेऊन सांताक्रूझ पूर्वेला रिक्षा शोधत उभी होते. सात! (हो, मोजले.) दोन हात, एक पर्स, एक नारळ आणि सात बुके हे गणित कसं सोडवतात ते ज्याचं त्याने ठरवावं. रिक्षावाल्याने आरशातून बघून विचारलं, "मॅडम, दुकान आहे का?"

घरी आल्यावर नवऱ्याने ते बादलीत ठेवले. सातही इतके सारखे की कुणाचा कुठला ते देणाऱ्यालाही ओळखता आलं नसतं. प्रत्येकात दोन-तीन जरबेरा, चार गुलाब, दोन कार्नेशन, मधे पांढऱ्या जिप्सीचा भुगा, मागे नेच्याची पानं आणि ड्रेसिनाचा एखादा पट्टेरी तुरा. वर चुरचुरणारा पारदर्शक कागद आणि सॅटिनची रिबन. दुकानदार ह्याला 'मिक्स बुके' म्हणतात. भेळेसारखं.

ह्या मिक्स बुक्यांबद्दल माझी मतं जरा जहाल आहेत. घरच्यांनी ती इतक्यांदा ऐकली आहेत की मी तोंड उघडलं की मुलगी कानात इयरफोन घालते. तुम्ही मात्र आता सापडला आहात.

एक तर आपल्याकडे फुलं देणं हा प्रकार वेगळाच होता. हळदीकुंकवाला गजरा किंवा वेणी. ओटीत एखादं फूल. कुणाच्या अंगणातला चाफा उतू गेला की रुमालात बांधून आणलेले चार चाफे. ही फुलं देतानाच त्यांची जागा ठरलेली असायची, केसांत नाहीतर देवापुढे. बुके घेतल्यावर ह्याचं करायचं काय हा प्रश्न पहिल्या मिनिटाला सुरू होतो. हातात धरून फोटो काढायचा आणि मग मागच्या टेबलावर ढीग करायचा. लग्नात तर स्टेजच्या कोपऱ्यात ह्या बुक्यांचं जे होतं ते बघवत नाही. लोक पत्रिकेवर छापतात की आहेर आणू नये, मग पाहुण्यांना रिकाम्या हाताने यायला लाज वाटते आणि ते बुके आणतात.

दुसरं म्हणजे, ह्यात लबाडी फार. दादरला सेनापती बापट मार्गालगतच्या फूल मार्केटात पहाटे एकदा जाऊन बघा. तिथे जरबेरा दहा-दहाच्या जुडीत येतो, प्रत्येक फुलाच्या तोंडावर प्लास्टिकची इवलीशी टोपी घालून. गुलाब वीस-वीसच्या जुडीत. तळेगावला एमआयडीसीचं फुलशेतीचं पार्क आहे. तिथले आणि आसपासच्या मावळातले पॉलिहाउसमधले गुलाब फेब्रुवारीत १४ तारखेसाठी परदेशी विमानात बसतात. लांब दांड्याचे, घट्ट कळीचे, दिसायला राजबिंडे. पण नाक लावलंत तर काही नाही. फूलदाणीत जास्त दिवस टिकावं आणि प्रवासात मोडू नये म्हणून ज्या जाती निवडत गेले, त्यात वास मागे पडला. बुके करताना जरबेराची मान पडू नये म्हणून देठाला तार गुंडाळतात किंवा प्लास्टिकची नळी चढवतात, म्हणजे ताठ मान ही त्याची स्वतःची नाहीच. करंडीतला असेल तर खाली तो हिरवा स्पंज. १९५४मध्ये अमेरिकेत स्मिदर्स नावाच्या माणसाने तो काढला. पाणी धरून ठेवतो खरा, पण मातीत मिसळत नाही. बोटांनी दाबला की भुगा होतो आणि तो भुगा तसाच राहतो. घरात बुके आला की पहिली कात्री मी त्या रिबनला लावते.

मरण्याचाही त्यांचा एक क्रम असतो. आधी जरबेरा माना टाकतात. मग गुलाब. देठात हवा शिरली किंवा पाण्यातल्या जंतूंनी देठाच्या नळ्या बुजल्या की कळी उमलायच्या आधीच खाली बघायला लागते. कार्नेशन आठवडाभर तग धरतात. शेवंती असेल तर तीही. ऑर्किड सगळ्यांना पोचवून येतं. आणि ड्रेसिनाचा तुरा, ज्याच्याकडे कुणी फूल म्हणूनही बघत नाही, तो पाण्यात ठेवला तर खाली मुळं धरतो. (देठ तिरके कापा, पाण्याखाली जाणारी पानं काढून टाका, रोज पाणी बदला. हे मी सगळ्यांना सांगते. स्वतः दुसऱ्या दिवसापासून विसरते.)

असो. ही सगळी मतं मी वर्षानुवर्षं मोठ्या आवाजात मांडत आले. त्यांच्यापायी मी एकदा काय करून बसले ते आता सांगते.

२०२३चा जुलै. त्या महिन्यात इतका पाऊस पडला की आमच्या सांताक्रूझच्या वेधशाळेत जुलैचा विक्रम झाला, सतराशे मिलिमीटरच्या वर. (२६ जुलै २००५चे एका दिवसातले ९४४ मिलिमीटर आम्ही ह्याच घरात काढलेत, त्यामुळे आकड्यांचं आम्हाला कौतुक नाही.) महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात आई बाथरूममध्ये घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं. तेव्हा ती ८० वर्षांची होती. जवळच्याच एका हॉस्पिटलात ऑपरेशन झालं. वॉर्डात फुलं न्यायला बंदी, भेटायची वेळ चार ते सहा, पास एकच.

त्या वेळी दादा-वहिनी आणि आमचं बोलणं बंद होतं. दीड वर्ष झालं होतं. कारण मुंबईत जे असतं तेच, आईच्या नावावरच्या जुन्या जागेचा पुनर्विकास आणि कागदांवर कुणाचं नाव घालायचं ते. कोण काय बोललं ते आता मांडत बसत नाही. आम्ही सगळेच बोललो. पण खापर वहिनीवर फोडणं सोपं होतं, ती बाहेरून आलेली ना. ऑपरेशनचं कळवायला मी दादाला एक मेसेज टाकला होता, कुरियरवाल्याला पत्ता पाठवावा तसा. त्याचं 'ओके, काळजी घे' आलं. बस.

ऑपरेशनच्या तिसऱ्या दिवशी सकाळी मी डबा घेऊन पोचले तर खालच्या वॉचमनने एक बुके पुढे केला. रात्रपाळीवाला ठेवून गेला होता, "आपके पेशंट का है" एवढंच ह्याला माहीत. मिक्स बुके! दोन जरबेरा, चार गुलाब वगैरे वगैरे, आणि कागदाच्या आत पावसाचं पाणी साचलेलं. मला वाटलं सोसायटीचा असणार. आमच्या कमिटीला कुणी आजारी पडलं की एक बुके पाठवून मोकळं व्हायची सवय आहे. रिबनच्या खाली एक छोटं पाकीट स्टेपल केलेलं दिसत होतं. दुकानाचं कार्ड असतं तसं. वर न्यायला परवानगी नाही, घरी न्यायला वेळ नाही. समोरून आमच्या मजल्यावरच्या आयामावशी ड्यूटी संपवून निघाल्या होत्या. मी म्हटलं, "मावशी, तुमच्याकडे देवाला होतील का?" त्या खूश झाल्या. मीही खूश झाले, हात मोकळे झाले म्हणून.

वर जाऊन आईला मी तो किस्सा रंगवूनही सांगितला. की बघ, माणूस यायला नको, विचार करायला नको, दुकानात बोट दाखवलं की झालं. आई औषधाच्या गुंगीत होती. नुसती हसली.

मग ती घरी आली, वॉकर आला, फिजिओथेरपी सुरू झाली. दादाकडून कुणी फिरकलं नाही. मी दिवस मोजत होते, आणि खरं सांगायचं तर दर दिवसागणिक मला एक प्रकारचं समाधानच होत होतं. माझं म्हणणं बरोबर ठरत होतं ना!

सप्टेंबरात गणपती आले. आमच्या गौरी दादाकडे बोरिवलीला असतात. आदल्या वर्षी आम्ही गेलो नव्हतो. ह्या वर्षी गौरीपूजनाच्या सकाळी आई म्हणाली, "टॅक्सी बोलाव. गौरी माझ्या आहेत. मला आमंत्रण लागत नाही." वॉकरसकट गेलो. वहिनीने दार उघडलं, आईला आत नेऊन खुर्चीत बसवलं, पाया पडली. मला 'ये' म्हणाली. सगळं नीट चाललं होतं. जेवणं झाल्यावर आईच्या हातात विडा देताना ती अगदी हळू म्हणाली, "आई, चिठ्ठीचं उत्तर नाही दिलंत. मी रोज वाट बघत होते."

"कसली चिठ्ठी?" आई म्हणाली.

मला पोटात खड्डा पडणं म्हणजे काय ते तेव्हा कळलं.

त्या संध्याकाळी वहिनी ऑफिसातून परस्पर आली होती. लोकल रखडलेल्या, गुडघाभर पाणी. पोचली तेव्हा पावणेआठ झाले होते. वॉचमनने वर सोडलं नाही. तिला सोनचाफा हवा होता, कारण आईला सोनचाफ्याखेरीज दुसरं फूल फूल वाटत नाही. सिग्नलला, स्टेशनबाहेर चाफ्याच्या पुड्या घेऊन उभे असतात ते त्या पावसात कुणीच नव्हते. हॉस्पिटलसमोर एक दुकान उघडं होतं, शटर अर्धं खाली आणि आत तयार ठेवलेले मिक्स बुके. तिने त्यातला एक घेतला. दुकानदाराकडून छोटं कार्ड मागून काउंटरवर उभ्याने लिहिलं, की आई, चाफा मिळाला नाही. मला वर सोडत नाहीत. मी यावं की नको ते ठाऊक नाही, ह्यांनाही विचारलेलं नाही. तुम्ही 'ये' म्हणालात तर उद्या येते. नुसता मिस्ड कॉल द्या.

तिने हे आठवून सांगितलं तेवढंच आमच्याकडे आहे. कार्ड कुठे गेलं असेल ते देव जाणे. आयामावशींना मी पुढच्या तपासणीच्या वेळी जाऊन विचारलं. त्यांनी फुलं देवाला वाहिली होती, बाकीचं कचऱ्याच्या डब्यात. त्यांची काय चूक?

मी तिथे गौरींपुढेच सगळं सांगून टाकलं. सोसायटी, मावशी, सगळं. दादा उठून बाल्कनीत गेला. वहिनी एवढंच म्हणाली, "मला वाटलं त्यांनी वाचून ठेवून दिली." आणि आत जाऊन भांडी घासायला लागली. मी विसळायला गेले. ती नको म्हणाली नाही. हो पण म्हणाली नाही.

परतताना आई अंधेरीपर्यंत काही बोलली नाही. मी माझी बाजू मांडत होते, की अगं, त्या बुक्याकडे बघून कुणाला वाटेल की त्यात काही असेल, सगळे एका साच्यातले, निवड नाही, काही नाही. पार्ल्याच्या आसपास ती म्हणाली, "आपल्या दाराला रोज फुलपुडी अडकवलेली असते. त्यात तू काय निवडतेस?"

फुलपुडी! चार झेंडू, दोन शेवंती, एखादं जास्वंद, तुळशीची दोन पानं, दूर्वा, कधी बेल, कागदात गुंडाळून वर दोरा. सकाळी पाच-साडेपाचला कोणीतरी कडीला अडकवून जातं. कधी जास्वंद चुरगळलेलं, कधी झेंडू कालचे. महिन्याचे पैसे दिले की झालं. आणि आई ती पुडी सोडून एकेक फूल वेगळं काढते, कुठलं गणपतीला, कुठलं बाळकृष्णाला. इतक्या वर्षांत तिने पुडीला नावं ठेवल्याचं मला आठवत नाही. मी मात्र ह्याला भेळ म्हणत होते आणि त्याला पूजा.

तरीही सांगते, माझी मतं बदललेली नाहीत. गुलाबाला वास हवा, स्पंज नको, जरबेराला तार लावणं हा छळ आहे. वहिनीचंही तेच मत आहे. आमचं एकमत होतं अशा मोजक्या विषयांपैकी तो एक. बोलणं सुरू आहे, येणं-जाणं आहे, पण पूर्वी ती माझ्याकडे आली की थेट स्वयंपाकघरात शिरायची. आता हॉलमध्ये बसते, पाणी दिलं की 'थँक्यू' म्हणते. ते 'थँक्यू' काही जात नाही.

तर, परवाचे सात बुके. बादलीतून एकेक काढून मी रिबनखाली, कागदाच्या घडीत, पानांच्या मागे, सगळीकडे बघितलं. नवरा म्हणाला, झडती घेतेयस का. पाच दुकानांची कार्डं निघाली. एक ऑफिसचं छापील. आणि एकात वहीच्या फाटक्या कागदावर आमच्या प्यूनच्या मुलीचं अक्षर: मॅडम, बाबांच्या कर्जाच्या फॉर्मवर तुम्ही सही केलीत म्हणून माझी फी भरता आली. मला ती सही आठवतसुद्धा नव्हती.

रविवारी वहिनी आली होती. कार्नेशन निवडून घेतली आणि ड्रेसिनाचे तुरे निम्मे तिने नेले, निम्मे माझ्याकडे ठेवले. आज सकाळी तिच्या तुऱ्यांना मुळं फुटल्याचा फोटो आला. माझे कुजले. पाणी बदलायला विसरले.