भेंडी बाजारातला थाळ आणि घरातले ज्येष्ठ

मुंबईच्या जे. जे. रुग्णालयाच्या चौकातून दक्षिणेकडे, मोहम्मद अली रस्त्याच्या दिशेने चालू लागले की भेंडी बाजार लागतो. नावाच्या दोन कथा सांगतात. इथे पूर्वी भेंडीची झाडे होती ही एक, आणि इंग्रजांच्या तोंडच्या ‘बिहाइंड द बझार’चा हा अपभ्रंश आहे ही दुसरी. संगीताच्या रसिकांना हे नाव भेंडीबाजार घराण्यामुळे परिचित असते. मूळच्या गोव्याच्या अंजनीबाई मालपेकर याच घराण्याच्या उस्ताद नझीर खाँ यांच्या शिष्या. आज जुन्या चाळी पाडून तिथे उंच इमारती उभ्या राहत आहेत. त्या गजबजाटात रौदत ताहेरा ही दाऊदी बोहरा समाजाच्या धर्मगुरूंची शुभ्र समाधिवास्तू शांतपणे उभी आहे. १९७५ साली ती खुली झाली. तिच्या संगमरवरी अंतर्भिंतींवर संपूर्ण कुराण सुवर्णाक्षरांत कोरलेले आहे.

वाचकहो, आपण रमझानच्या दिवसांत या भागात गेला असाल, तर मिनारा मशिदीजवळचे मालपुवे आणि फिरनीचे मातीचे वाडगे आपल्याला आठवत असतील. परंतु या वस्तीतील खरी मेजवानी घरांत मांडली जाते. बोहरा कुटुंबांचा ‘थाळ’ म्हणजे एकच मोठे गोल ताट. तिवईसारख्या बैठकीवर ते ठेवतात आणि त्याच्या भोवती साधारण आठ माणसे बसतात. घरातील तरुण मुले चिलमची आणि लोटा घेऊन फिरतात व प्रत्येकाच्या हातावर पाणी घालतात. ईश्वराचे नाव घेऊन चिमूटभर मीठ जिभेवर ठेवले जाते आणि मगच जेवण सुरू होते. शेवटही मिठानेच होतो. आधी गोड, मग खारे, पुन्हा गोड, पुन्हा खारे, आणि त्यानंतर बिर्याणी किंवा दाळ-चावल-पालीदूसारखे मुख्य जेवण, असा क्रम असतो. अळूच्या पानांचे पात्रवेलिये तर आपल्या अळूवडीचे सख्खे भाऊबंद शोभतात. पहिला घास वडीलधाऱ्यांनी घ्यायचा, प्रत्येकाने आपल्या समोरच्या भागातूनच खायचे आणि ताटात दाणाही टाकायचा नाही, हे संस्कार लहानपणापासून होतात.

हा लेख आरोग्यविषयक पाक्षिकात का, असे आपण विचाराल. त्याचे कारण माझ्या दवाखान्यात वारंवार दिसणारे एक चित्र आहे. घरातील आजोबांना पक्षाघाताचा झटका येतो किंवा आजींचा मधुमेह वाढतो. मग काळजीपोटीच त्यांचे पथ्याचे ताट वेगळे होते, पुढे खोलीही वेगळी होते. ज्या गृहस्थांनी चाळीस वर्षे थाळाचा पहिला घास घेतला, ते आता पलंगाच्या कडेला एकटेच मऊ भात चिवडत बसतात. दोन-तीन महिन्यांत कपडे सैल होतात आणि कुटुंबीय भूक वाढवण्याचे औषध मागायला येतात. अशा वेळी वजन घटण्याची वैद्यकीय कारणे शोधावीच लागतात. परंतु माणूस सोबतीने अधिक जेवतो, हेही तितकेच खरे वैद्यकीय सत्य आहे. म्हणून माझे सांगणे असते की ज्येष्ठांना थाळापासून दूर करू नका, थाळच त्यांना सोसेल असा मांडा.

त्यासाठी पहिला बदल बैठकीचा करावा. गुडघ्याचा किंवा खुब्याचा सांधा बदललेल्या व्यक्तीने मांडी घालून बसण्याचा अट्टहास धरू नये. थाळ टेबलावर ठेवून भोवती खुर्च्या मांडल्या तरी त्यातील आपुलकी उणावत नाही. गिळताना त्रास होणाऱ्यांना पाठ ताठ ठेवून बसवावे, हनुवटी किंचित खाली असावी, घास लहान असावा आणि जेवणानंतर किमान अर्धा तास त्यांना आडवे होऊ देऊ नये. जेवताना वारंवार खोकला येणे किंवा आवाज ओलसर, घरघरणारा होणे ही अन्न श्वासमार्गात जात असल्याची खूण असू शकते. ती दिसल्यास जेवण तिथेच थांबवून डॉक्टरांना दाखवावे.

दुसरा विचार पदार्थांचा. आठ जणांच्या थाळात मधोमध मऊ शिजलेला खिचडा ठेवावा. गहू, डाळी आणि मांस एकजीव होईपर्यंत घोटलेला हा पदार्थ दात नसलेल्यांनाही खाता येतो. त्याभोवती तव्यावर कमी तेलात परतलेले शामी कबाब, उकडलेली अंडी, दुधी-डाळीची भाजी, किसलेल्या काकडीची कोशिंबीर, घट्ट दही आणि पिकलेल्या पपईच्या फोडी मांडाव्यात. हाडांचे तुकडे ज्येष्ठांच्या बाजूला येऊ देऊ नयेत. ‘आपल्या समोरचेच खावे’ हा थाळाचा शिष्टाचार इथे वैद्यांच्या कामी येतो, कारण ज्येष्ठांच्या समोरचा भाग त्यांना झेपेल असा रचता येतो आणि त्यांनी किती खाल्ले हेही कळते. मूत्रपिंडाचा विकार असेल, तर मांस आणि डाळ यांचे प्रमाण आपल्या डॉक्टरांना विचारूनच ठरवावे. खिचड्यात ही दोन्ही एकत्र असल्याने ते ध्यानात राहत नाही.

चिमूटभर मिठाची भीती बाळगू नका. दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ ही जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. ती मर्यादा ओलांडली जाते ती पापड, लोणचे, समोसे आणि तयार मसाले यांच्यामुळे. रक्तदाब असणाऱ्यांनी रीत पाळावी आणि लोणचे सोडावे.

गोडाने सुरुवात करण्याबाबत मात्र मधुमेहींनी सावध असावे. रिकाम्या पोटी घेतलेले गोड साखर वेगाने चढवते. भाजी व प्रथिने आधी घेतली तर तो चढ सौम्य होतो. पहिल्या मिठासाचा अर्धा चमचा चाखून मान राखावा आणि उरलेला वाटा जेवणाच्या अखेरीस, तोही लहान, घ्यावा. याहून मोठा धोका उशिराचा असतो. पाहुणे येईपर्यंत थाळ मांडला जात नाही, आणि ज्येष्ठ मंडळी नेहमीच्या वेळी इन्सुलिन किंवा गोळी घेऊन बसलेली असतात. जेवणाची वेळ निश्चित झाल्यावरच, डॉक्टरांनी सांगितलेल्या अंतराने औषध घ्यावे. दरदरून घाम, थरथर, गोंधळल्यासारखे बोलणे अशी लक्षणे दिसली तर तीन लहान चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यावी आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नये, तातडीने रुग्णालय गाठावे.

एका ताटात अनेक हात जातात, तेव्हा चिलमचीची रीत निव्वळ शोभेची राहत नाही. पाण्यासोबत साबण असावा आणि हात वीस सेकंद चोळले जावेत. सर्दी, जुलाब किंवा उलटी झालेल्याने त्या दिवशी वेगळे वाढून घ्यावे. कर्करोगाचे उपचार चालू असणाऱ्यांसाठी थाळातील अन्न इतरांचे हात लागण्यापूर्वीच बाजूला काढावे, परंतु त्यांची खुर्ची थाळापाशीच असू द्यावी. शिजलेला भात व मांस दोन तासांहून अधिक काळ बाहेर ठेवू नये.

आता आपल्यापैकी जे मुस्लिम शेजाऱ्यांना किंवा स्नेह्यांना घरी बोलावू इच्छितात, त्यांच्यासाठी. ‘हलाल’ म्हणजे अनुज्ञेय. मांसाच्या बाबतीत जनावर जिवंत व निरोगी असावे, ईश्वराचे नाव घेऊन धारदार सुरीने गळ्याशी कापलेले असावे आणि रक्त वाहून गेलेले असावे. डुकराचे मांस, रक्त आणि मद्य वर्ज्य. म्हणून मांस हलाल दुकानातूनच आणावे. एरवी आपला मसालेभात, अळूची पातळ भाजी, पुरणपोळी हे सारे पदार्थ मुळातच हलाल आहेत. जपायचे ते आडवाटेने येणाऱ्या घटकांना: केकमधील रम, जेलीतील जिलेटिन, मद्यार्कात उतरवलेला व्हॅनिला अर्क. मासळीबाबत विचारून घ्यावे. कोकणी मुसलमान बहुतांशी शाफई पंथाचे असल्याने समुद्रातील मासळी मोकळेपणाने खातात, तर बोहरा मंडळी खवले असलेलीच मासळी घेतात. असे विचारण्यात संकोच वाटू देऊ नये. पाहुण्यांना तो प्रश्न आदराचाच वाटतो.

याच संदर्भात काळजीवाहकांना एक सूचना. कॅप्सूलचे आवरण बहुधा जिलेटिनचे असते आणि काही खोकल्याच्या औषधांत मद्यार्क असतो. काही ज्येष्ठ रुग्ण या शंकेपायी औषध न बोलता बंद करतात, आणि डॉक्टरांना ते कळतही नाही. आपल्या घरी असे घडत असेल तर मोकळेपणाने सांगा. पुष्कळदा तेच औषध साध्या गोळीच्या रूपात मिळते. पर्याय नसेल तेव्हा काय करावे, हे आपल्या विश्वासातील धर्मज्ञांना विचारता येते. औषध मात्र परस्पर थांबवू नये.

बोहरा समाजाच्या सामुदायिक स्वयंपाकघरांतून घरोघरी डबे पोहोचवले जातात. एकट्या राहणाऱ्या वृद्धांना त्याचा मोठा आधार असतो. डब्याने पोट भरते, तरी डबा उघडताना समोर कोणी बसलेले असावे ही गरज उरतेच. आपण कोणत्याही धर्माचे असा, आपल्या घरात एक मोठे ताट असेलच. आठवड्यातून एकदा ते मधोमध ठेवा, पदार्थ घरातील सर्वांत ज्येष्ठ व्यक्तीला सोसतील असे निवडा आणि पहिला घास त्यांना घेऊ द्या. पुढच्या महिन्यात त्यांचे वजन करायला विसरू नका.