एक पुंगळी कमी

नववीत असताना मी एक चोरी केली होती. चोरी कसली, बोटाच्या पेराएवढी पितळी पुंगळी! पण तिच्यापायी आमची अख्खी तुकडी तासभर उन्हात तापली.

एन.सी.सी.चं शिबिर होतं. पॉइंट टू-टू रायफल पहिल्यांदाच हातात आलेली. पालथं झोपून प्रत्येकी पाच गोळ्या. (माझ्या किती लागल्या ते विचारू नका!) आठ जणांचे चाळीस बार झाले, पुंगळ्या भरल्या एकोणचाळीस. उस्ताद गरजले, "गिनती पूरी होने तक कोई नहीं जाएगा!" सगळे गवत चाचपू लागले. खिशात पुंगळी ठेवून मीही चाचपत होतो. शेवटी माझ्या शेजारच्या बिचाऱ्याला खिसे उलटे करायला लावले, तेव्हा मात्र राहवलं नाही.

मैदानाला पाच फेऱ्या पडल्या. संध्याकाळी उस्तादांनी बोलावलं. "क्यों उठाया?" मी खरं ते सांगितलं. आमचे आजोबा फौजेत होते. त्यांच्याकडे थ्री नॉट थ्रीची रिकामी पुंगळी आहे, तिच्याशी ही ताडून बघायची होती.

उस्ताद हसले नाहीत. कागद घेऊन आकृत्याच काढू लागले. टू-टू म्हणजे ०.२२ इंच, सुमारे ५.६ मिलिमीटर. मी लगेच म्हणालो, "मग इन्सासची ५.५६ यात चालेल!" इथंच फसतात सगळे, ते म्हणाले. गोळीची जाडी जवळपास तीच, पण इन्सासची पुंगळी ४५ मिलिमीटर लांब नि माझी जेमतेम साडेपंधरा. शिवाय टू-टूचा बार बुडाच्या कडेवर पिन आपटून उडतो, इन्सासचा मधल्या टोपीवर. एसएलआर आणि एके-४७ तर दोन्ही ७.६२च्या! पण एकीची पुंगळी ५१ मिलिमीटर, दुसरीची ३९. चुकीचं काडतूस एक तर बसतच नाही, नाही तर सैल बसतं आणि बार होताना पुंगळी फाटून तापलेला वायू तोंडावर येऊ शकतो. म्हणून नळीवरचा आकडा अर्धा नाही, पुरता वाचायचा.

घरी आल्यावर आजोबांची पुंगळी पालथी केली. मधोमध टोपी, तिच्यावर पिनेचा खळगा. मी विचारलं, "आजोबा, ही तुम्हाला कुणी दिली?"

आजोबा बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "आम्हालाही मोजूनच परत द्याव्या लागायच्या रे."