अंदमानला निघालात? एक सकाळ राखून ठेवा

मैत्रिणींनो, ‘ह्यां’ची प्रवास-सवलत शिल्लक आहे, मुलांना समुद्र हवाय आणि सासूबाईंना सावरकरांची कोठडी पाहायची आहे, असं तुमच्याही घरी असेल तर अंदमानचा बेत जरूर आखा. मात्र आम्ही केलेली चूक तुम्ही करू नका.

आधी थोडी माहिती. चेन्नई किंवा कोलकात्याहून विमानानं दोन-सव्वादोन तासांत पोर्ट ब्लेअरला पोचता येतं. २०२४ साली या गावाचं नाव श्रीविजयपुरम असं झालं, पण जुनं नावही अजून सगळ्यांच्या तोंडी आहे. बोटीनंही जाता येतं. तीनेक दिवस लागतात आणि बोट लागण्याची सवय असेल तर विचार करूनच जा! नोव्हेंबर ते एप्रिल हा काळ उत्तम. फोटो असलेलं ओळखपत्र, सुती कपडे, टोपी आणि मऊ चपला बरोबर हव्यातच. आणखी एक, तिथे सूर्य लवकर मावळतो. डिसेंबरात पाच वाजताच दिवे लावायची वेळ होते!

आमची फसगत इथेच झाली. “पोचल्या दिवशी जेल उरकून टाकू, म्हणजे पुढचे दिवस समुद्राला मोकळे,” असा मीच आखलेला बेत. जेवण, बाजार, शंखशिंपल्यांची खरेदी यात वेळ गेला. जेलच्या दारात पोचलो तेव्हा बंद व्हायला जेमतेम वीस मिनिटं उरलेली. कोठडी वरच्या मजल्यावर, पार टोकाला. सासूबाईंचे गुडघे दुखरे. त्या दोन पायऱ्या चढल्या आणि म्हणाल्या, “राहू दे गं. आवार तरी पाहिलं.” रात्रभर मला झोप नाही. चौऱ्याहत्तर वर्षांच्या बाईला पुन्हा कोण इथे आणणार?

सकाळी सगळ्यांची स्वराज द्वीपला, म्हणजे पूर्वीच्या हॅवलॉकला जाणाऱ्या बोटीची तिकिटं होती. ह्यांना म्हटलं, “तुम्ही मुलांना घेऊन जा. आम्ही दोघी इथेच थांबतो.” दोन तिकिटांचे पैसे बुडाले, पण त्याचं मला वाईट वाटलं नाही.

त्या सकाळी आम्ही सावकाश पाहिलं. १८९६ ते १९०६ अशी दहा वर्षं हे बांधकाम चाललं. मधे मनोरा आणि चाकाच्या आऱ्यांसारख्या सात इमारती. त्यांतल्या तीनच आज उभ्या आहेत. एकीच्या दारांसमोर दुसरीची पाठ, म्हणजे कैद्याला कैद्याचं तोंडही दिसू नये. कोलूपाशी सासूबाई थबकल्या. एकेका कैद्याला दिवसाला तीस पौंड, म्हणजे साडेतेरा किलोंच्या वर खोबरेल गाळावं लागे. “अगं, आपल्या घरात वर्षाकाठी तरी एवढं लागतं का?” त्या पुटपुटल्या.

मग एकेक पायरी, मधे बसत, पाणी पीत वर गेलो. कोठडी लहानशी. पाठच्या भिंतीत पार उंचावर एक झरोका. विनायकराव इथे आले १९११ साली. थोरले बंधू बाबाराव त्यांच्या आधीच आलेले. १९१९ साली धाकटे बंधू नारायणराव आणि विनायकरावांच्या पत्नी माई त्यांना भेटायला अंदमानला आले. बाबारावांच्या पत्नी येसूवहिनी मात्र बरोबर नव्हत्या. वाट पाहता पाहता त्यांनी आधीच डोळे मिटले होते.

हे सांगितलं तेव्हा सासूबाई बराच वेळ गजांना हात लावून उभ्या राहिल्या. खाली उतरल्यावर एवढंच म्हणाल्या, “तिला यायला मिळालं नाही. तिच्या वतीनं मी आले, असं समजते.”

बायांनो, आपला निम्मा जन्म उरकण्यात जातो. धुणं उरकायचं, स्वयंपाक उरकायचा. ही जागा तेवढी उरकू नका. एक सकाळ पूर्ण द्या. दुपारी मधे सुट्टी असते आणि राष्ट्रीय सणांना जेल बंद असतं, तेव्हा वेळा आदल्या दिवशीच विचारून घ्या. म्हातारं माणूस बरोबर असेल तर उघडतानाच जा. ऊनही कमी आणि गर्दीही. फाशीघर लहान मुलांना दाखवायचं की नाही ते आधी ठरवा. संध्याकाळचा ध्वनिप्रकाशाचा कार्यक्रम हिंदीतून असतो, त्याची तिकिटं लवकर काढा.

समुद्र काय, संध्याकाळीही तिथेच असतो!