आजोबांची पत्र्याची पेटी

आमचे कालकथित आजोबा दुसऱ्या महायुद्धात महार पलटणीत होते, एवढेच आम्हा भावंडांना ठाऊक होते. धुळ्याच्या आत्याकडे त्यांची पत्र्याची पेटी निघाली. तिच्यात टोपीचा बिल्ला आणि पलटणीतून सुटल्याचा कागद होता.

बिल्ल्यावर कोरेगावचा स्तंभ! पहिल्या महायुद्धातली १११ महार पलटण १९२१ साली मोडली. पुढे वीस वर्षे आपल्या माणसांना स्वतःची पलटण नव्हती. बाबासाहेबांनी मागणी लावून धरली आणि १९४१ साली बेळगावी महार रेजिमेंट उभी राहिली. तिच्या पहिल्या बिल्ल्यावर हा स्तंभ होता. नंतर त्याच्या जागी खंजीर आला. म्हणजे आजोबा सुरुवातीच्या काळातले.

पदके मात्र नाहीत. आत्या म्हणाली, "बहात्तरच्या दुष्काळात मायनं मोडीत घातली, ज्वारी आणली." तिला दोष कोण देईल? त्याच ज्वारीवर आमचे वडील जगले.

बिल्ला कोणी ठेवायचा यावर जळगावचे आणि धुळ्याचे घर अडून बसले होते. तो आत्याकडेच राहील असे ठरले. कागदाच्या नकला प्रत्येक घरी दिल्या, कारण त्यावर आजोबांचा शिपाई नंबर आहे. तो लिहून सागरच्या रेजिमेंटच्या दप्तराला आम्ही अर्ज धाडला आहे.

बांधवांनो, तुमच्या घरीही अशी पेटी असेल. मोडीत देण्याआधी आतला कागद वाचा.