तबकडीवरची नावे

जुन्या चित्रपटगीतांच्या ध्वनिमुद्रिका जमवण्याचा मला छंद आहे. मुंबईच्या चोरबाजारात अशा तबकड्यांचे ढीग पाहायला मिळतात. धूळ पुसायची, तबकडी उजेडात तिरपी धरून चरे पारखायचे आणि मग मधल्या गोल कागदावरची अक्षरे वाचायची, हा माझा क्रम. आज कोणतेही गाणे भ्रमणध्वनीवर क्षणात ऐकता येते. मग हे ओझे घरात कशाला, असे घरची माणसे विचारतात. त्याचे उत्तर मला त्या गोल कागदात सापडते.

जुन्या तबकड्या लाखेच्या असत. पळस, कुसुम, बोर अशा झाडांवर वाढणाऱ्या किड्यांच्या स्रावापासून मिळणारी ही लाख. तिच्यात दगडाची पूड मिसळून तबकडी घडवीत. म्हणूनच ती हातून पडली की फुटे. मिनिटाला 78 फेरे घेणाऱ्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूस तीन-साडेतीन मिनिटांचे गाणे मावे. त्याहून लांब गाणे दोन्ही बाजूंवर विभागावे लागे. पुढे विनाइलच्या, मिनिटाला 33⅓ फेरे घेणाऱ्या लाँग प्ले तबकड्या आल्या आणि अख्ख्या चित्रपटाची गाणी एकीवरच मावू लागली.

गाणी मावली, माणसे मात्र मावली नाहीत. 'महल' (1949) या चित्रपटातील गाजलेल्या गीताच्या पहिल्या ध्वनिमुद्रिकेवर गायिका म्हणून 'कामिनी' असे छापले होते. ते पडद्यावरील पात्राचे नाव! रेडिओवर गाणे ऐकून श्रोत्यांनी विचारणा केली, तेव्हा त्या स्वरामागचे लता मंगेशकर हे नाव लोकांना कळले. सर्वांच्याच वाट्याला असे भाग्य येत नाही. कितीतरी तबकड्यांवर मुख्य गायकाच्या नावापुढे 'व साथी' एवढेच लिहिलेले असते.

आमच्या शेजारच्या आजी तरुणपणी अशाच समूहस्वरांत गात असत. एकदा माझ्याकडची एक तबकडी मी त्यांना ऐकवली. सुईच्या खरखरीतून गाणे उमटू लागले. त्या डोळे मिटून बसल्या होत्या. दुसऱ्या कडव्यानंतर समूहाचे आलाप आले, तशी त्यांनी हळूच बोट वर केले आणि म्हणाल्या, "ही मी. माझ्या डावीकडे सुशी उभी होती." मग एकामागून एक पाच मुलींची नावे त्यांनी सांगितली. त्यांपैकी एकही नाव कुठे छापलेले नव्हते.

मी ती सर्व नावे तबकडीच्या वेष्टनावर लिहून ठेवली. आजी आज नाहीत. माझ्यानंतर हा संग्रह कोणाच्या हाती जाईल, ठाऊक नाही. कदाचित पुन्हा चोरबाजारातच जाईल. पण वेष्टन उलटून पाहणाऱ्याला 'साथी' या शब्दामागची सहा माणसे तेथे भेटतील. संग्राहकाच्या हातून एवढे घडले, तरी त्याचा छंद सार्थकी लागला असे मी मानतो.