अळकुड्यांचं वरुवल

आपल्याकडे अळूचं सगळं कौतुक पानांच्या वाट्याला येतं. पानांच्या वड्या होतात, फदफदं होतं, लग्नाच्या पंगतीत त्याला मानाची जागा असते. खालचा कंद मात्र उपासाला उकडून खाण्यापलीकडे कुणाला फारसा आठवत नाही. तमिळ घरांत भाव कंदाला. सेप्पंकिळंगु, म्हणजे आपल्या अळकुड्या. मैलापुरात कपालीश्वराच्या देवळाभोवतीच्या माड वीधींवर भाजीवाल्या बसतात. त्यांच्याकडून मातीने माखलेले, मिशा फुटलेले हे कंद निवडून घ्यायला मी शिकले, आणि त्यांचं वरुवल करायला शिकले ते वरच्या मजल्यावरच्या मामींकडून. आता पुण्यात राहते, पण ही भाजी अजून त्यांच्याच पद्धतीने करते.

पोरियल आणि वरुवल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आधी सांगते, कारण आपण दोन्हींना ‘साउथ इंडियन सुकी भाजी’ म्हणून मोकळे होतो. पोरियल सौम्य असतं. शिजलेल्या भाजीवर मोहरी, उडदाची डाळ आणि कढीपत्त्याची फोडणी, वरून ओलं खोबरं, झालं. वरुवलमध्ये खोबऱ्याचे लाड नाहीत. मसाला माखलेली फोड मंद आचेवर, तेलात, खरपूस होईपर्यंत भाजत राहायची. बटाटा, कच्ची केळी, सुरण, अळकुड्या अशा पिठूळ भाज्यांचंच ते चांगलं होतं.

अळकुड्या एकसारख्या आकाराच्या घ्याव्यात. लहानमोठ्या एकत्र उकडल्या की लहान्यांचा लगदा होतो आणि मोठ्या आतून कच्च्या राहून घशाला खाजतात. कुकरला एक शिट्टी पुरते. सुरी आत जाताना मध्यावर किंचित अडली पाहिजे. मग सालं काढून त्या सरळ फ्रिजमध्ये ठेवायच्या, दोन तास तरी. गार झाल्यावर आतला स्टार्च घट्ट बसतो, बुळबुळीतपणा आवरतो आणि बोटाच्या पेराएवढ्या जाड चकत्या सुरीला न चिकटता पडतात. मामी हे आदल्या रात्रीच उरकून टाकत.

अर्धा किलो चकत्यांना दोन चमचे सांबार पोडी, अर्धा चमचा तिखट, हळद, हिंग, मीठ, चमचाभर चिंचेचा दाट कोळ आणि एक चमचा तांदळाचं पीठ. पीठ कुरकुरीतपणासाठी, चिंच खाज मारण्यासाठी. हे सगळं चकत्यांना चोळून थोडा वेळ मुरू द्यायचं. तिखट नुसतं गरम तेलात टाकलं तर क्षणात जळतं आणि कडवट होतं; चिंचेच्या ओलाव्यात कालवून फोडीला थापलं की त्यातलं पाणी उडून जाईपर्यंत ते सुरक्षित असतं. वरुवलचा तिखटपणा जळका न लागता भाजका लागतो, तो यामुळे.

कढई लोखंडाचीच हवी, नाहीतर जाड बिडाचा तवा. तेल तिळाचं, नल्लेण्णै. लाकडी घाण्यावर तीळ गाळताना त्यात ताडाचा गूळ घालायची तिकडे जुनी रीत आहे, त्याने तेलाचा कडवटपणा जातो. ते नसेल तर शेंगदाण्याचं घ्यावं. रिफाइंड सूर्यफुलाचं मला तरी इथे चालत नाही; मसाल्याला पाठीमागे कुणीतरी बोलणारं लागतं, ते गप्प बसतं.

मोहरी तडतडली, उडीद डाळ लालसर झाली, कढीपत्ता पडला की चकत्या एकेक करून पसरायच्या. एका थरात, एकमेकींना न टेकता. आणि मग हात मागे घ्यायचा. आपला हात परतायला सोकावलेला असतो, भाजी म्हटली की उलथनं फिरलंच पाहिजे. मामी शेजारी उभ्या राहून म्हणायच्या, “सुम्मा विडुम्मा.” असू दे गं. सुरुवातीला कढईतून जोराचा चुरचुराट येतो, तो पाण्याचा. हळूहळू तो बारीक होतो, सुटा सुटा होतो आणि एका क्षणी जवळजवळ थांबतो. तोवर चकतीच्या बुडाशी मसाल्याची तांबूस-काळपट साय धरलेली असते आणि ती आपण होऊन तव्यापासून सुटते. ओढावी लागली तर अजून वेळ आहे असं समजावं. मग प्रत्येक चकती उलटायची आणि पुन्हा तेच. घाईच्या दिवशी हे करायला घेऊ नये. अर्धा तास धरून चालावं. मामींच्या फडताळात मीनाक्षी अम्माळ यांचं ‘समैत्तु पार’ होतं, 1951 साली पहिल्यांदा छापलेलं आणि तेव्हापासून कित्येक नव्या संसारांत गेलेलं. पण त्या ते कुळंबूच्या मापांसाठी उघडत. वरुवल त्या कानाने करत.

मिरचीचं म्हणाल तर तिकडे रामनाथपुरमची गोल मुंडू मिरची प्रसिद्ध, तिला 2023 साली भौगोलिक मानांकनही मिळालं. पुण्यात मी निम्मी ब्याडगी, निम्मी संकेश्वरी अशी कुटून घेते. रंग ब्याडगीचा, झटका संकेश्वरीचा. नुसती लवंगी वापरणाऱ्यांना माझा नमस्कार.

कारैकुडीकडचे लोक याच भाजीत बडीशेप, लसूण, छोटे कांदे घालतात, आपलं दगडफूलसुद्धा चेट्टिनाड मसाल्यात असतं. बटाट्याला ते सगळं शोभतं. अळकुडीला नको, असं माझं मत. तिची स्वतःची मातकट गोडी आहे, ती बडीशेपेखाली दबते.

पाहुणे पहिली चकती नुसती तोंडात टाकतात आणि पाण्याचा पेला शोधतात. पण ही भाजी नुसती खायची नाहीच. ताटात पांढराफटक दहीभात असतो, किंवा मऊ भातावर मोरकुळंबु, नाहीतर पातळ रसम. तिखट, मीठ, चिंच हे सगळं त्या भाताचा हिशोब धरून चढवलेलं असतं. म्हणून चव बघताना मी चकती भाताच्या घासाबरोबरच बघते. नुसती बघून मीठ बेताचं केलं, तर पानात ती फिकी पडते.

चकत्या काढून घेतल्यावर कढईच्या बुडाशी मसाल्याची खरवड, करपलेला कढीपत्ता आणि डाळीचे चार दाणे उरतात. त्यात वाटीभर गरम भात आणि चमचाभर तूप घालून कढईतच कालवायचा. मामींच्या घरी हा भात वाढणारीचा असे. माझ्याकडे त्याच्यावरून भांडणं होतात, तेव्हा हल्ली मी तेल जरा जास्तच घालते.